घरजावई व्हा, जहागीर मिळवा

वडिलोपार्जित जमीन थोरल्याच्या नावावर गेली आहे, खिसा रिकामा आहे आणि तलवार बऱ्यापैकी चालवता येते? मग बाराव्या शतकातल्या फ्रेंच धाकट्या मुलासारखं करा: क्रूसेडच्या फौजेबरोबर पूर्वेला जा आणि चांगल्या घरी पडा. या विद्येतला आपला गुरू शातियोंचा रेनो. त्याने हे दोनदा जमवलं.

सुरुवात विधवेपासून करावी. लढायांमुळे तिकडे वारसदार विधवांना तोटा नाही, आणि जहागिरीमागे घोडेस्वारांची चाकरी असल्याने बाईने पुन्हा लग्न करावं म्हणून राजाच तगादा लावतो. अँटिओक या क्रूसेडर संस्थानाची वारसदार कॉन्स्टन्स हिचा नवरा 1149मध्ये लढाईत पडला. जेरुसलेमच्या राजाने तीन स्थळं सुचवली, बायझंटाइन सम्राटाने आपला विधुर मेहुणा पाठवला. बाईंनी चौघांनाही नारळ दिला आणि 1153मध्ये रेनोला पसंत केलं. एवढ्या मोठ्या घरची बाई एका पगारी शिपायाशी लग्न करते, याचं टायरच्या विल्यमने आपल्या इतिहासात आश्चर्य व्यक्त केलं आहे. तुम्ही ते मनावर घेऊ नका. मात्र राजाची परवानगी आधी घ्या. रेनो त्यासाठी थेट ॲस्कलॉनच्या वेढ्यात जाऊन राजाला भेटला होता.

लग्नानंतर पैसा लागतो. पैशांवरून बिनसलं तेव्हा रेनोने अँटिओकच्या म्हाताऱ्या धर्मगुरूला मारहाण करवली आणि डोक्याला मध फासून भर उन्हात गढीच्या छपरावर बसवलं. बाकीचं माश्यांनी पाहिलं. नवशिक्यांनी हा प्रयोग टाळावा. पुढे 1156मध्ये त्याने सायप्रस लुटलं. बेट सम्राटाचं होतं. सम्राट फौज घेऊन आला, आणि जावईबापूंना अनवाणी जाऊन त्याच्यापुढे धुळीत लोळण घ्यावी लागली.

आता सगळ्यात महत्त्वाचं कलम, जे वरातीत कुणी वाचून दाखवत नाही: जहागीर बायकोची असते. रेनो शत्रूच्या हाती सापडून अलेप्पोच्या कैदेत पंधरा वर्षं राहिला. तेवढ्यात कॉन्स्टन्स वारली आणि गादीवर सावत्र मुलगा बसला. 1176मध्ये सुटलेल्या रेनोचं अँटिओकमध्ये काहीच उरलं नव्हतं.

उपाय? पुन्हा विधवा. मिलीची स्टेफनी दोन नवरे गमावून बसली होती, त्यातल्या दुसऱ्याचा तर खून झाला होता. पण तिच्याकडे कर्कचा किल्ला होता, आणि त्याच्या टप्प्यातून दमास्कस-इजिप्त वाट जात होती. रेनोने तिथून तांडे लुटायला घेतले. 1183मध्ये तिच्या मुलाचं लग्न चालू असताना सुलतान सलादीनने किल्ल्याला वेढा घातला. त्या काळच्या एका कथनानुसार स्टेफनीने त्याला लग्नाच्या जेवणातली ताटं पाठवली आणि त्याने नवरा-नवरीच्या बुरुजावर मारा न करण्याचा हुकूम दिला. शत्रूशी कसं वागावं, हे रेनोने बायकोकडून शिकायला हरकत नव्हती.

तो शिकला नाही. सलादीनशी तह असतानाही त्याने तांडा लुटला, आणि जुलै 1187मध्ये हत्तीनच्या लढाईत पकडला गेला. सलादीनने जेरुसलेमच्या कैदी राजाला थंड पेय दिलं. राजाने पेला रेनोकडे सरकवला. हे मी दिलेलं नाही, असं सलादीनने लगेच स्पष्ट केलं, कारण यजमानाने पाणी पाजलं की कैद्याला अभय मिळतं. मग त्याने स्वतःच रेनोवर तलवार चालवली.

कर्कचा किल्ला आज जॉर्डनमध्ये आहे. तिकीट काढून पाहता येतो, त्यासाठी लग्न करावं लागत नाही.