पंचामृतातली चार अमृतं बाद!

शिव शिव शिव! ऐकलंत का? बाणेरच्या एका सोसायटीत परवाच्या रविवारी चांगली शिकलीसवरली, कमावती माणसं क्लब हाऊसमध्ये डबे घेऊन जमली, पोटभर जेवली, आणि त्या अख्ख्या जेवणात दुधाचा थेंब नाही, तुपाची धार नाही, दह्याची कवडी नाही! एकादशी नव्हती, सुतक नव्हतं, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय म्हणावं तर तेही नाही. निव्वळ हौस! वर निघताना एकमेकांना ‘पुढच्या महिन्यात भेटू’ म्हणाली.

याला म्हणे व्हीगन पॉटलक म्हणतात. बाणेर, औंध, कोरेगाव पार्क इथपर्यंत एक वेळ ठीक होतं हो. तिकडे लोक कुत्र्याचाही वाढदिवस करतात. पण आता हे लोण कोथरूडला आलंय. उद्या नदी ओलांडून पेठांत शिरलं, तर काकडआरतीच्या लोणीसाखरेचं काय करायचं, कुणी विचार केलाय?

आणि त्यांचे नियम ऐका. ताट, वाटी, चमचा घरून आणायचा. कागदी प्लेट दिसली की सगळे अशा नजरेनं बघतात की ती आणणाऱ्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हावं. आणि प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावायची: कोणतं तेल, कोणतं पीठ, शेंगदाणे आहेत की नाहीत, हिंग घातलाय तो कुठला. हिंगसुद्धा! कारण हिंगात गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि कुणाला ग्लुटेन चालत नाही. अहो, या शहरात सुगरणीला आमटीत काय घातलंस हे विचारायला पंधरा-वीस वर्षांची ओळख लागते, तरी ती गोडा मसाल्यातला एक जिन्नस सांगायचा विसरते. इथे सगळं गुपित कागदावर मांडून ठेवायचं!

पण खरी खळबळ उडालीये ती वेगळ्याच गोष्टीनं. आजवर आपल्याकडे कसं, एक उतरंड होती. सगळ्यांत वर ‘शुद्ध शाकाहारी’. त्यांच्या खाली नुसते शाकाहारी, मग ‘अंडं चालतं’वाले, मग ‘बाहेर खातो, घरी नाही’वाले, आणि तळाला सुक्या बोंबलाचा वास जिन्यात सोडणारे. वरच्या पायरीवरच्या मंडळींनी खालच्यांकडे बघून नाकाला पदर लावायचा, हा शिरस्ता. आता या व्हीगनांनी काय केलं, तर सरळ त्या वरच्या पायरीच्याही वर जाऊन बसले, आणि तिथून खाली बघून नाकाला पदर लावला! आमच्या ओळखीतल्या एक काकू, आयुष्यात अंड्याचं टरफल शिवल्या नाहीत, साजूक तुपाची बरणी देवघरापेक्षा जपणाऱ्या. त्यांना त्यांच्याच नातीनं ऐकवलं, ‘‘आजी, तू कसली शाकाहारी? तूप काय झाडाला लागतं?’’ काकूंनी दोन दिवस अबोला धरला. शेजारच्या मालवणी वहिनींना हे कळलं, तेव्हा त्यांनी त्या आनंदात बांगडे तळले म्हणतात.

नातीचं गणित चोख होतं, हे मात्र मानायला हवं. दूध बाद, दही बाद, तूप बाद. मध मधमाश्यांचा, तोही बाद. म्हणजे सत्यनारायणाच्या पंचामृतातली चार अमृतं गेली, उरली साखर. (आपलं दुसरं पंचामृत, ते मिरच्या, दाणे, तीळ, चिंच-गुळाचं, ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचं, ते बिनबोभाट चालतं.) आणि जेवणावर थांबेल तो व्हीगन कसला! रेशमासाठी किडे कोशासकट उकळतात, म्हणून पैठणी नको. तबल्याला बकऱ्याचं कातडं, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं की नाही तेही एकदा ठरवायला हवं. लोकरीची शाल नको, चामड्याची कोल्हापुरी नको. आता सत्कार करायचा तरी कसा या लोकांचा? नुसता नारळ द्यावा लागेल.

हे सुरू कुणी केलं म्हणाल, तर इंग्रजांनी. आणखी कोण? १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी काही समविचारी लोकांना घेऊन तिकडे व्हीगन सोसायटी काढली. युद्ध चालू, रेशनिंग चालू, अंडी-लोणी मिळायची मारामार, आणि हे म्हणतात, आम्हाला तसंही नकोच. एक नोव्हेंबर हा त्यांचा जागतिक दिन. २०१४ पासून जानेवारी महिनाभर व्हीगन राहून बघायची टूमही तिकडूनच निघाली. आपल्याकडे जानेवारीत संक्रांत. तिळगूळ व्हीगनच असतो, तेवढं एक बरं झालं.

आता घरची गोष्ट. आपल्याकडे दूध सोडायचं प्रकरण गाजलं ते गांधीजींचं. गाई-म्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी त्यांच्यावर ‘फुंक्या’चा जो अघोरी प्रकार करत, तो ऐकून त्यांना दुधाची शिसारी आली आणि त्यांनी दूध वर्ज्य केलं. पुढे १९१८ च्या आजारपणानंतर अंगात काही राहिलं नाही. डॉक्टर दलाल म्हणाले, दुधाशिवाय अंग भरणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती ना? मग शेळीला काय हरकत आहे? गांधीजी शेळीचं दूध प्याले, आणि शब्द पाळला पण आत्मा मारला ही बोचणी त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. आजच्या पॉटलकला कस्तुरबा आल्या असत्या, तर चिठ्ठ्या वाचून त्यांनी कुठे कुठे वाट काढली असती कुणास ठाऊक.

आणखी एक गंमत पुण्याच्या वेशीवरच आहे. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथलं काम त्यांनी मणिभाई देसाईंवर सोपवलं. याच मणिभाईंनी १९६७ मध्ये त्याच गावात ‘बाएफ’ ही संस्था काढली, आणि संकरित गाईंचा प्रसार करून खेडोपाडी दूध वाढवलं. म्हणजे पोट साफ करायला जायचं तेही उरुळी, आणि दुधाच्या गंगेचा एक झरा तोही उरुळी. आपण पुणेकर दोन्हीकडे जाऊन आलो आणि विसंगती कुणाच्या लक्षात आली नाही.

असो. त्या पॉटलकमध्ये लोकांनी आणलं होतं काय, हे ऐकाल तर हसाल. झुणका-भाकरी. ठेचा. भरली वांगी. अळूचं फतफतं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. फणसाच्या कुयरीची भाजी, जिला परदेशात म्हणे डब्यात भरून मांसाच्या जागी विकतात. गोडाला एका सिंधुदुर्गच्या बाईंनी शिरवाळे आणले होते, नारळाच्या दुधातल्या गुळाच्या रसात बुडवलेले. तिथल्या एका तरुणानं डोळे मोठे करून विचारलं, ‘‘ही प्लँट-बेस्ड रेसिपी कुठे मिळाली?’’ बाई म्हणाल्या, ‘‘सासूकडे.’’ खापरोळी, पातोळ्या, सोलकढी, यांत नारळ घालायला कोकणानं कधी गाईची वाट बघितली नाही. आणि घाटावर तरी भाकरी-ठेच्यावर राबणाऱ्याच्या घरी तूप रोज कुठे होतं? घरात दुभतं असलं तरी दूध डेअरीला, तूप पाहुण्याला. आजची ही फॅशन म्हणजे आजीचं रोजचं जेवण आहे, फक्त आजीला त्यासाठी नाव नोंदवावं लागत नव्हतं.

त्यांच्या बिनदुधाच्या दह्याचं प्रकरण मात्र मी जवळून बघितलं आणि माझे हात कानाला लागले. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, गंधासारखे वाटायचे, पंच्यातून पिळून दूध काढायचं आणि ते मंद आचेवर ढवळत उकळायचं, नाहीतर तळाला धरतं. कोमट झालं की विरजण म्हणून काय घालायचं? हिरव्या मिरचीची देठं! हो, देठं, तीही टोपीसकट. देठांवरच्या जिवाणूंनी उबेला ठेवलेलं दूध रात्रभरात धरतं. पहिलं दही काही खायचं नाही, त्याला एक उग्र चव असते. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावायचं, ते बरं लागतं. गोड नाही, आंबटही बेतानंच, आणि मागून दाण्याचा वास येतो तो येतोच. पण त्याची कढी मात्र खरोखर जमली होती. मी दोनदा घेतली, कुणाला सांगू नका. पंच्यातला चोथा थालिपिठाच्या भाजणीत गेला. एवढी काटकसर बघून तरी काकूंचा अबोला सुटायला हवा होता.

चहाचं मात्र कुणालाच सुधरलेलं नाही. बदामाचं दूध आल्याच्या चहात घातलं की फाटतं, ओटचं घातलं तर पेज प्यायल्यासारखं वाटतं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर त्यातलेच दोघं जण कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात पाठ करून उभे होते, असं वॉचमन सांगत होता. मी नावं विचारली. तो म्हणाला, ‘‘मास्क होते.’’

इथवर हसणं सोपं आहे. पण त्या नातीनं पुढे आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि त्यावर काकूच काय, आम्ही सगळेच गप्प बसलो. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. कालवड झाली तर ठीक. गोऱ्हा झाला तर? शेतात ट्रॅक्टर आला, बिनवशिंडाचा संकरित गोऱ्हा औताला फारसा कामाचा नाही, आणि २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल बंद. मग त्या गोऱ्ह्याचं शेतकरी करतो काय? साजूक तुपाच्या बरणीवर ‘शुद्ध’ लिहिलेलं असतं, हे लिहिलेलं नसतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पश्चिम महाराष्ट्रात ऊस गेला की पैसा कधी येईल ते कारखाना ठरवतो. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं, आणि त्यावर किराणा चालतो, पोरांची फी भरते. २०२१ मध्ये ‘पेटा’ या प्राणिहक्कवाल्या संस्थेनं अमूलला पत्र लिहून वनस्पतीजन्य दुधाकडे वळायचं सुचवलं, तेव्हा अमूलचे त्या वेळचे प्रमुख सोढी यांनी उलट विचारलं होतं की दहा कोटी दूध उत्पादकांना पोसणार कोण? क्लब हाऊसमधल्या चिठ्ठ्यांवर याचं उत्तर नव्हतं. तिकडे लातूरच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला एकोणपन्नासच्या आत, आणि तोही हाती पडत नव्हता म्हणून ओरड. इकडे पाव किलोही न भरणारं टोफूचं पाकीट त्याहून महाग. मधले पैसे कोणत्या झाडाला लागतात? लातूरच्याच रितेश देशमुखनं जेनेलियासोबत २०२१ मध्ये वनस्पतीजन्य ‘मटणा’चा धंदा काढला, ते एक बरं केलं. निदान बिर्याणी खाताना कुणी मेलं नाही, एवढं समाधान.

मला या मंडळींचं एक आवडलं, तेवढं सांगून टाकते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या कँटीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ असे कागद लागले होते, आणि पुढे असल्या वेगळ्या टेबलांचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. बिऱ्हाड देताना आडनाव ऐकून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ म्हणायची आपली रीत तर जुनीच. इथे तसलं काही दिसलं नाही. जैन होते, कोळी होते, कालपर्यंत रविवारी मटणाच्या रांगेत उभे राहणारे होते, आणि सगळ्यांचे चमचे एकाच पातेल्यात जात होते. आपल्या ‘शुद्ध’ पंगतीत हे कधी जमलं होतं? फक्त बी-१२ च्या गोळ्या एकमेकांना पेढ्यासारख्या वाटतात, तेवढं जरा विचित्र दिसतं. पण तेही खरंच, ते जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते.

बाकी वाद आहेतच. हुरडा पार्टी करायचं ठरलं, तर आगटीत गोवऱ्या चालतील का यावर दोन तट पडले. एक म्हणतो, शेण गाय आपण होऊन देते, त्यात जबरदस्ती कुठली? दुसरा म्हणतो, मग दूधही तसंच म्हणशील. तिसऱ्यानं हळूच विचारलं की वांग्यांना खत कसलं घातलं होतं, आणि सभा तिथेच तहकूब झाली.

पण सगळ्यांत खमंग बातमी शेवटी. काकूंच्या त्या नातीचं लग्न ठरलंय. मुलगाही त्याच ग्रुपातला. पैठणीऐवजी सुती इरकल, बासुंदीऐवजी नारळाच्या दुधातली खीर, वरणावर खोबरेल तेलात पेरूची पानं, कढीपत्ता आणि हळद उकळून केलेलं ‘तूप’. काकूंनी सगळं गिळलं. अडलं ते होमापाशी. आहुती कशाची द्यायची? मुलगा गुरुजींना म्हणाला, ‘‘तेच नारळाचं वापरू या का?’’

गुरुजी पुण्याचे. म्हणाले, ‘‘माझी काही ना नाही. पण जेवणारा अग्नी आहे, आणि तो अजून तुमच्या ग्रुपवर नाही.’’