पिशवी घेतलीत का?

पालघर जिल्ह्यात उगाच फिरता येत नाही. रस्ते आहेत, डोंगर आहेत, समुद्र तर अख्खा पसरला आहे. पण 'उगाच' हा प्रकार इथे कुणाच्या पचनी पडत नाही. बदली होऊन बोईसरला आलो तेव्हा संध्याकाळी मोकळ्या हाताने चक्कर मारायची मला सवय होती. तळमजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "कुठं निघालात?" मी म्हणायचो, "कुठं नाही, असाच." काकू पुढे काही बोलायच्या नाहीत. पण एके दिवशी त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही झालंय का गं? हे रोज निघून जातात."

तेव्हापासून मी पिशवी घेऊन बाहेर पडतो. ती रिकामी असली तरी चालते. हातात पिशवी असली की माणूस कामाचा दिसतो आणि बायकोकडे होणारी चौकशी थांबते. फक्त मग दुसरा त्रास सुरू होतो. "चिंचणीकडं जाताय का? मग तेवढे सुके बोंबील आणा." "पालघरला? मग सातपाटीला जाऊनच या ना, पापलेट बघा मिळतं का." पालघरला जाणाऱ्याने सातपाटीला 'जाऊनच येणं' म्हणजे काही किलोमीटर वाट वाकडी करणं, हे सांगून उपयोग नसतो. व्यायामाला म्हणून निघालेलो मी परततो तेव्हा वजन वाढलेलं असतं ते पिशवीचं.

इथला माणूस रानात, खाडीत, डोंगरावर जातो तो काहीतरी आणायला. त्यात त्याला मजा येते का? भयंकर येते. पण ते तो मरेपर्यंत कबूल करणार नाही.

वलगणीचंच घ्या. पावसाची पहिली मोठी सर कोसळली की नदी-नाल्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, ओहोळांतून थेट भातखाचरांत चढतात. आणि त्यांच्यामागे आमची सोसायटी. कारखान्यात दोन जिने चढले की भिंतीला टेकणारे सुपरवायझर रात्री साडेअकराला रेनकोट घालून, डोक्याला विजेरी बांधून गुडघाभर चिखलात वाकलेले मी पाहिले आहेत. कुणाच्या हातात जाळं, कुणाच्या हातात घरची जुनी मच्छरदाणी. अंडी घालायला निघालेला मासाच धरला तर पुढच्या वर्षी येणार कोण, हा प्रश्न मी एकदा चिखलात उभं राहून विचारला होता. सगळ्यांनी तो मान्य केला आणि मला टॉर्च नीट धरायला सांगितलं.

मासे झाले, आता शेवळं. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे हे तपकिरी कोंब आदिवासी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात. त्या जुडीशेजारी हिरव्या काकडांचा छोटा ढीग असतो. जुडी घ्यायची तर काकडंही घ्यायची, कारण शेवळ्याला खाज असते आणि ती मोडायला काकडच लागतं. मुंबईहून आलेल्या माझ्या एका मेव्हण्याने 'एकदम नॅचरल' म्हणून शेवळं घेतली आणि काकडं 'उगाच गळ्यात मारतात' म्हणून ठेवली. दोन दिवस तो फोनवर खाकरत होता. इकडून बोलणाऱ्याला वाटे, रागावलाय.

मेव्हण्यांची ये-जा वाढली ती रेल्वेमुळे. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि आमचे नातेवाईक एकदम वाढले. त्याआधी ज्यांना बोईसर हे गुजरातमध्ये आहे असं वाटे, तेही रविवारी सकाळी "आलोच बघ, उमरोळी गेलं" असा फोन करू लागले. पाहुण्यांना निसर्ग हवा असतो, शांतता हवी असते आणि जेवायला पापलेट हवं असतं. पहिल्या दोन गोष्टी आम्ही फुकट देतो.

त्यांचं आवडतं ठिकाण केळवे. सुरूची झाडं, शीतलादेवीचं देऊळ, लांबच लांब वाळू. नावं ठेवायला जागा नाही. अडचण एकच. पाहुणे येतात पौर्णिमा गाठून, चांदण्यात समुद्र बघायला, आणि पोचतात संध्याकाळी सहाला. सहाला समुद्र घरी नसतो. तो पार क्षितिजाशी गेलेला असतो आणि इकडे नुसती ओली वाळू आणि खेकड्यांची बिळं. "समुद्र कुठाय?" असं मला चारचौघांत विचारलं गेलं आहे, जणू मीच तो कुठेतरी ठेवून विसरलो.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मूळचे सातपाटीचे. त्यांनी मला यातलं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पुनवेला-अवसेला साधारण बाराच्या आसपास. दिवसाही आणि रात्रीही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेचं उधाण जितकं वर चढतं तितकंच पाणी खालीही ओढलं जातं. म्हणजे पौर्णिमेला सहा वाजता समुद्र बघायला जाणं हे दुकान बंद व्हायच्या वेळीच गिऱ्हाइकाने पोचावं तसं आहे. चांदण्यातला भरलेला समुद्र हवा असेल तर मध्यरात्रीपर्यंत थांबा, आणि मग घरी जायला पहाटेची गाडी. पाहुण्यांना हे सांगितलं की ते मोबाइलात हवामान बघतात. त्यात ऊन दिसतं, तिथी दिसत नाही.

डोंगराकडे न्यावं तर पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड जवळची. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे आणि वर काळदुर्ग, माथ्यावर चौकोनी कातळ ठेवल्यासारखा. वाघोबा हा वारल्यांचा देव. वाघाला देव मानून त्याच्याशी समझोता करण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. आम्ही नोकरीत साहेबांशी तेच करत आलो. पण खिंडीत खरी सत्ता माकडांची. जिल्ह्यातली ही एकच जागा, जिथे मी पिशवी नेत नाही. मेव्हण्याने नेली होती. त्यातले वेफर्स, संत्री आणि चष्म्याची डबी अशा क्रमाने वर गेली. चष्मा त्याच्या नाकावर होता म्हणून वाचला, त्यामुळे पुढचं सगळं त्याला स्पष्ट दिसलं.

आता एवढं निसर्गवर्णन केल्यावर कुणाला वाटेल की इथे नुसता खारा वारा आणि मोगऱ्याचा वास. खारा वारा आहेच. पण तो समुद्रावरून निघतो तेव्हा शुद्ध असतो आणि एमआयडीसी ओलांडून बोईसरला पोचतो तेव्हा बराच अनुभवी झालेला असतो. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात हेच तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिलं आलं. पहिला नंबर आला की आमच्याकडे पेढे वाटतात, त्या वेळी मात्र कुणी वाटले नाहीत. खाडीतल्या म्हाताऱ्या कोळणी, पूर्वी कुठली मासळी कुठवर मिळायची, ते बोट दाखवून सांगतात. त्यावर विनोद करायला मला जमत नाही, म्हणून पुढे जातो.

विजेचं त्यापेक्षा बरं आहे, म्हणजे सांगायला बरं आहे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली इथून हाकेच्या अंतरावर सुरू झालं. त्याची वीज महाराष्ट्रात आणि गुजरातेत दूरदूर पोचली, आणि पावसाळ्यात जरा वारा सुटला की आमच्याकडे दिवे जातात. दिव्याखाली अंधार ही म्हण कुणी बोईसरला राहून केली असावी. पण माझ्या मते इथला सर्वांत मोठा मैदानी खेळ म्हणजे हे दिवे जाणंच. दिवे गेले की पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली. टॅप्समधून, म्हणजे त्या अणुवीज केंद्रातून, निवृत्त झालेले केरळचे अण्णा, बिहारचे वेल्डर, वाडवळ काकू, सातपाटीचे काका, सगळे एकाच कट्ट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत. त्या अंधारात उन्हाळ्यातल्या ताडगोळ्यांपासून बहाडोलीच्या जांभळांपर्यंत सगळ्यांचा हिशेब होतो, दोन लग्नं जमतात आणि थंडीतल्या उकडहंडीचे बेत आखले जातात.

मागच्या थंडीत डोंबिवलीचा भाचा आला होता. आल्या आल्या म्हणाला, "मामा, इथे ॲक्टिव्हिटीज काय आहेत?" काकांनी त्याच्या हातात कुदळ दिली. मग उकडहंडीसाठी त्याने खड्डा खणला, सुका पालापाचोळा गोळा केला, कोनफळं सोलून हात जांभळे करून घेतले, वालाच्या शेंगा निवडल्या. मडकं भरून, पाल्याने तोंड बंद करून ते उपडं घातलं आणि भोवती जाळ केला, तेव्हा त्याने खिशातून फोन काढून हळूच विचारलं, "मामा, याचे पर हेड किती घेतात?" जेवताना मात्र त्याने तीनदा वाढून घेतलं आणि उरलेली रताळी कागदात बांधून नेली. कागद काकूंना पाहवेना. त्यांनी घरातून पिशवी आणून दिली.

परवा त्याचा फोन आला. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. "मामा, रविवारी तिथी काय आहे?" मी जिन्यातून वर ओरडून विचारलं. काकांनी कालनिर्णय न बघता सांगितलं, "पुनव. ओहोटी सकाळी सहाला. पाच वाजता इथे हजर राहा म्हणावं, खाडीवर निवटे धरायला जाऊ."

"पाचला?" भाचा किंचाळला. "इतक्या पहाटे कशाला?"

फोन स्पीकरवर होता. काका चार पायऱ्या खाली उतरले, फोनजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "मग निवट्यांना काय तुझ्या लोकलचं टाइमटेबल देऊ?"