शाल, नारळ आणि पडद्यावरचा जवान

सरकारी पैशावर कला पोसावी, हे आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला पटत नाही. पण आमच्या अनसिंग गावात 15 ऑगस्टला माजी सैनिकाला ताटकळत ठेवून, भाषणं उरकल्यावर किमतीची चिठ्ठी न काढलेली शाल पांघरतात, तेही पटत नाही. रात्री तीच मंडळी मालिकेतला जवान रजा संपवून निघाला की डोळे पुसतात. या अश्रूंना अनुदान लागत नाही, जाहिराती पुरतात. सैनिकांसाठी निधी गोळा करायचा 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून आहे. निधीचा डबा समोर आला की सुटे मात्र नसतात! 2020 मध्ये राज्यात माजी सैनिकाची घरपट्टी माफ झाली, अर्थात दाखला आणल्यावर. वृद्ध कलावंताचं सरकारी मानधनही अर्जावरच. म्हणून कलेवरच्या सरकारी खर्चाला आमचा विरोध तूर्त मागे. शाहीर निदान अर्जाच्या रांगेत सैनिकाला सोबत तरी करतो.