पहिल्या धारेची वाईन
दिंडोरीकडच्या एका नव्या वायनरीत पहिलीवहिली वाईन चाखायला गेलो. शेनिन ब्लांमध्ये पेरू शोधा, असं फर्मान सुटलं. सोव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरची. सगळ्यांना लगेच सापडली. फुकटच्या पेल्यात काय सापडत नाही! शिराझ तोंड आवळून टाकणारी निघाली. ‘अजून लहान आहे, पण पुढे नाव काढेल,’ मालक बापाच्या मायेने म्हणाले. किंमत मात्र आताच नाव काढल्यासारखी.

2001च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात राज्याने वाईनला अबकारी सवलती दिल्या. तेव्हापासून नाशकात वाईन कुणी पीत नाही. सगळे शेतकऱ्याला हातभार लावतात. आमच्या गटातले एक काका तर चार पेले हातभार लावून आले आणि द्राक्षाच्या मांडवाला टेकून म्हणाले, ‘अरे, तो पेरू आता दिसायला लागलाय. दोन आहेत.’