कळसा गावात, शोध काखेत

२००४ साली आमचा पगाराचा हिशेब करणारा जावा ऑब्जेक्ट शेजारच्या सर्व्हरवर राहायला गेला. शेजारच्या म्हणजे अक्षरशः भिंतीपलीकडे. पण त्याला भेटायचं तर ईजेबी २ चे मानपान सांभाळावे लागत. एक होम इंटरफेस, एक रिमोट इंटरफेस, खुद्द बीन, या तिघांचं नातं सांगणारी एक्सएमएल फाइल, आणि सर्व्हर ज्या कंपनीचा तिच्या मर्जीची आणखी एक. एवढ्या कागदांत तलाठी सातबाऱ्यावरचं नाव बदलून देतो.

सगळं लिहून मी १०९९ पोर्टवर चौकशी केली. हा पोर्ट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. त्याच्या वहीत नाव सापडलं! त्याने चिठ्ठी दिली. तिला स्टब म्हणतात. साहेब नेमके कुठे बसतात ते तीत असतं. चिठ्ठी घेऊन हाक मारली, तर उत्तर आलं : कनेक्शन रिफ्यूज्ड, १२७.०.०.१.

दोन दिवस मी फायरवॉलला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी नेटवर्क सांभाळणारे काका चहाचा कप घेऊन आले. "अरे, १२७.०.०.१ म्हणजे जो वाचेल त्याचंच मशीन. सर्व्हरने पत्ता काय दिलाय, तर 'इथेच'!"

आमची आई फोनवर हेच सांगते. "कुठे आहेस?" "इथेच आहे की." तिचं 'इथेच' मंडईत असतं. ती खोटं बोलत नाही. तिच्यापुरतं ते खरंच असतं. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत स्वतःच्या नावापुढे १२७.०.०.१ होतं, तेच त्याने भाबडेपणाने चिठ्ठीवर उतरवलं. माझा प्रोग्रॅम मग साहेबांना आपल्याच घरात, पलंगाखाली वगैरे शोधत बसला. काकांनी एक ओळ बदलली आणि कचेरीचे पगार झाले.

२००६ मध्ये ईजेबी ३ आलं. होम इंटरफेसची सक्ती गेली, एक्सएमएल ऐच्छिक झालं, एका ॲनोटेशनवर काम भागू लागलं. २००९ च्या ३.१ ने तर ऑब्जेक्टच्या पूर्ण नावाची पद्धतही सगळ्या सर्व्हरांवर सारखी केली. माझ्या जुन्या फाइली नवी पोरं आता शिलालेखासारख्या बघतात.

परवा त्यांतलीच एक रडकुंडीला आली. "सर, डेटाबेस एका कंटेनरमध्ये, माझा प्रोग्रॅम दुसऱ्यात. कॉन्फिगरेशन तर एकाच ओळीचं आहे, तरी सापडत नाही."

ओळ पाहिली. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं : लोकलहोस्ट.

मी उठलो, आधी चहाचा कप भरून आणला आणि मग विचारलं, "तुझी आई गं, फोनवर 'कुठे आहेस' विचारलं की काय सांगते?"