पिशवीवरचं काळीज

पारनेरच्या किराणा दुकानात हल्ली तेलाच्या पिशवीवर लालभडक काळीज छापलेलं दिसतं. शेजारी ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त'. अहो, कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांच्या चरबीत. शेंगदाण्यात ते होतं कधी, म्हणून यांनी काढलं?

उद्या मिठाच्या पुड्यावर 'साखरमुक्त' छापतील. आपण तोही दोन रुपये जास्त मोजून आणू.

पारनेर पडला अवर्षणाचा तालुका. या पट्ट्यात रब्बीच्या ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी ठरलेल्या. काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत, वर घरचं तेल मिळे. पुढे करडई शेतातून आटली आणि शहरात 'हृदयाची मैत्रीण' होऊन भाव खाऊ लागली.

मैत्रीण खरी, पण एक जुनं प्रकरण आहे.

सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकारातून उठलेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्गारिन. रक्तातलं कोलेस्टेरॉल शहाण्या मुलासारखं खाली उतरलं.

माणसं मात्र जास्त दगावली.

करडईच्या गटात 17.6 टक्के, दुसऱ्यात 11.8. हा हिशेब नीट मांडला जायला 2013 उजाडलं! दोष तेलाचा की मार्गारिनचा, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. चरबी सोडून अशी तेलं घेतल्यानं हृदयाला फायदाच होतो, असं सांगणारे अभ्यासही ढीगभर आहेत. म्हणजे करडई गुन्हेगार नाही. पण रिपोर्टातला आकडा उतरला की काळीज वाचलं, हे कोणी ठरवलं?

पिशवी छापणाऱ्यानं.

वनस्पती तुपाचंही तेच. 1937 साली डालडा आला. तेलात हायड्रोजन घुसवून घट्ट केलेलं, तुपाचा थाट स्वस्तात. लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या. या घट्ट करण्यातून निघणारे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं घटवतात. आपल्याकडे त्यांना 2 टक्क्यांची वेसण लागली 2022 मध्ये.

पंच्याऐंशी वर्षांत किती पंगती उठल्या असतील?

आता लाट लाकडी घाण्याची. आजोबांनी पडीक म्हणून मोडून टाकलेला घाणा नातू दुप्पट भावानं शोधतोय. तेल चांगलं असेलही, पण घाण्याचं म्हणून भज्यांनी कमी प्यायचं ठरवलंय का?

पंतप्रधानांनी 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलं, तेल 10 टक्के कमी करा. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ब्रँड बदलला.

शिवाय घरात काळजाची पिशवी आणली की बाहेर जीभ मोकळी. नगर-पुणे रस्त्यावर कुठेही थांबा, कढईतलं तेल काळंकुट्ट. तळून तळून बिघडलेलं तेल कधी फेकायचं, याचा नियमही 2018 पासून आहे. तो कढईपाशी वाचतो कोण?

वडेवाल्याला एकदा विचारून बघा, तेल कोणतं?

"गरम आहे साहेब, घ्या."