फळ्याकडे तोंड करून

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एक ‘पहिलीच्या बाई’ असतात. त्यांना नावही असतं, पण ते पगारपत्रकालाच ठाऊक. मुख्याध्यापक बदलतात, गुरुजी ऑनलाइन बदलीत कुठल्या कुठे जातात. पहिली मात्र बाईंच्याच गळ्यात. सातवीला दरडावणारे गुरुजी एखाद्या दिवशी बाईंच्या रजेत पहिलीवर बसले, तर मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचा आवाज पार बसलेला असतो.

“बाई, ह्यानं माझं खोडरबर खाल्लं.” “बाई, एकीला?” “बाई, त्याला सोडू नका, तो आत्ताच जाऊन आलाय.” “बाई, दात.” दात तळहातावर असतो. बाई तो कागदाच्या पुडीत बांधतात आणि पुडीवर नाव घालतात. कौलावर टाकायचा दात घरी नीट पोचावा लागतो. मागे एकदा पुड्यांची अदलाबदल झाली आणि दोन आया शाळेत भांडत आल्या होत्या. हे सगळं चालू असताना ‘क’चा काना सुटत नाही, ही खरी विद्या. डी.एड.ला ती शिकवत नाहीत.

मुलांचा त्रास बाईंना त्रास वाटत नाही, त्रास कागदांचा. शिक्षण हक्क कायदा 2009चं कलम 27 सांगतं की शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. अपवाद तीनच: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. या तीन दारांतून निम्मं सरकार वर्गात शिरतं. शिवाय पोषण आहाराची चव नोंदवही आहेच. मुलांना वाढण्याआधी खिचडी चाखून शेरा लिहायचा. बाई ‘चव उत्तम’ लिहून सही करतात न करतात तोच मागून आवाज येतो, “बाई, मीठच नाय!” बाई हसू दाबत मिठाची बरणी मागवतात. शेरा तसाच राहतो. खाडाखोड केली तर पुन्हा खुलासा द्यावा लागतो.

हसू दाबणं हाच बाईंचा मुख्य व्यायाम. मुलांसमोर हसलं की वर्ग हातचा गेला, म्हणून त्या फळ्याकडे तोंड करून हसतात.

एकदा माघात केंद्रप्रमुख तपासणीला आले. पुढच्या बाकावरच्या चिमुरड्याला विचारलं, “झाडाला पाच आंबे होते, दोन पाडले. किती राहिले?”

“साहेब, आत्ता कुठं मोहोर आलाय.”

“समज, आलेत आंबे.”

“मग पाडायचे नाहीत. आबा मारत्यात.”

साहेबांनी गंभीरपणे ‘वजाबाकी कच्ची’ असं टिपून घेतलं. बाईंनी सकाळीच लिहिलेली तारीख पुसून पुन्हा लिहायला घेतली. तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “साहेब, बाई हसत्यात!”

साहेबांना चहा पाजून बाईंनी ते प्रकरण मिटवलं. त्या मुलाला मात्र त्यांनी काही शिक्षा केली नाही. उलट मॉनिटर केलं.

तेव्हा शाळेवरून जाताना पहिलीच्या बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या दिसल्या आणि त्यांचे खांदे हलत असले, तर काळजीने आत डोकावायला जाऊ नका. बाईंना पाच मिनिटं मोकळी हवी असतात आणि मुख्याध्यापक तुम्हालाच वर्गावर बसवतील.